घरच्या नेटवर्कवर कॉम्प्युटर नावाने सापडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेट सुरळीत चालू असतं, राउटरचे सगळे दिवे हिरवे असतात, आणि तरी शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर 'सापडत नाही' म्हणून विंडोज हात वर करतं. मग माणूस केबल बदलतो, राउटर बंद-चालू करतो, शेवटी विंडोजच नव्याने टाकतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बहुतेक वेळा मशीन जागेवर असतं, रस्ताही मोकळा असतो. फक्त नाव घेऊन पत्ता विचारला की कोणीतरी चुकीचं सांगतं, किंवा कोणीच काही सांगत नाही. हा 'कोणीतरी' कोण, हे शोधण्यासाठी खालचे प्रश्न आहेत.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची. उदाहरणासाठी घरात फाइली साठवायचं एक मशीन आहे, त्याचं नाव 'कोठार' आणि पत्ता १९२.१६८.१.४० असं धरू.

'कोठार'ला पिंग केलं तर उत्तर येत नाही. म्हणजे नावाचाच घोळ ना?

तसंच असेल असं नाही. (पिंग म्हणजे समोरच्या मशीनला 'आहेस का?' अशी हाक मारून बघणारी आज्ञा.) निदान करताना सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून जरा थांबून बघू.

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग कोठार' द्या आणि फक्त पहिली ओळ वाचा. त्या ओळीत नावापुढे चौकटी कंसात आकडे आले, म्हणजे १९२.१६८.१.४० असं काही दिसलं, की नावाचं काम झालं. पत्ता मिळाला. त्यानंतर चार वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तरी दोष नावाचा नाही. समोरचं मशीन झोपलेलं असेल, किंवा त्याची फायरवॉल पिंगला उत्तर द्यायला तयार नसेल. विंडोज नेटवर्कला 'पब्लिक' समजत असेल तर पिंगला उत्तरच देत नाही. मशीन अगदी ठणठणीत असतं, पण गप्प.

याउलट 'कुड नॉट फाइंड होस्ट' असं आलं तर पत्ताच मिळालेला नाही. हा खरा नावाचा घोळ.

तिसरी शक्यता सगळ्यात फसवी. कंसात पत्ता येतो, पण चुकीचा. म्हणून आकडे आले एवढ्यावर समाधान मानू नका. 'कोठार'चा खरा पत्ता त्याच मशीनवर जाऊन किंवा राउटरच्या यादीत बघा आणि एकेक आकडा ताडून पाहा.

शेअर केलेल्या फोल्डरच्या बाबतीतही हेच. फाइल एक्सप्लोररमध्ये नावाऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे थेट पत्ता टाका. पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर पुढे वाचा. पत्त्यानेही उघडत नसेल तर हे पान तुमच्या कामाचं नाही. आणि पासवर्ड विचारत असेल तर समोरचं मशीन सापडलेलं आहे, अडलंय ते ओळख पटवण्यापाशी.

कॉम्प्युटर नाव विचारतो तरी कोणाला?

एकाला नाही, चार-पाच जणांना. सगळ्या गोंधळाचं मूळ हेच.

आधी तो स्वतःच्याच खिशात बघतो: 'होस्ट्स' नावाची साधी मजकुराची फाइल आणि आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा, म्हणजे कॅशे. तिथे नाही मिळालं तर डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या मशीनला विचारतो, आणि घरी तो बहुधा राउटरच असतो. त्यालाही माहीत नसेल तर नेटवर्कवर हाळी देतो, 'कोठार कोण आहे, हात वर करा'. ही हाळी तीन बोलींत दिली जाते. सगळ्यात जुनी नेटबायॉस, पोर्ट (म्हणजे मशीनच्या दाराचा क्रमांक) १३७ वर. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेली एलएलएमएनआर, पोर्ट ५३५५ वर. आणि आज सगळ्यात कामाची एमडीएनएस, पोर्ट ५३५३ वर, जी मॅक, आयफोन, प्रिंटर, लिनक्स आणि आता विंडोजही बोलतं. ॲपलने ती 'बाँजूर' या नावाने रुळवली. लिनक्सवर तेच काम 'अवाही' करतं.

होस्ट्स फाइल तर या सगळ्यांची आजी. डीएनएस यायच्या आधी अख्ख्या नेटवर्कच्या नावांची एकच फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं आणि ती पद्धत मागे पडली. पण फाइल गेली नाही. तुमच्या मशीनमध्ये ती आजही आहे, आणि तिचा शब्द आजही डीएनएसच्या आधी चालतो.

सगळ्या वेबसाइट उघडतात, फक्त घरातली मशीन नावाने उघडत नाहीत. असं का?

कधीतरी इंटरनेट जलद व्हावं म्हणून तुम्ही (किंवा घरातल्या हुशार भाच्याने) डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घातलंय का? ते गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांचे सार्वजनिक सर्व्हर. जगभरची नावं त्यांना ठाऊक असतात, पण तुमच्या घरातलं 'कोठार' त्यांच्या गावीही नसतं. घरातली नावं ठाऊक असतात ती राउटरला, कारण पत्ते वाटताना बहुतेक मशीन त्याला आपलं नाव सांगतात. सगळेच राउटर ती नावं डीएनएसमध्ये घालतात असं नाही, पण घालणारे बरेच आहेत.

'आयपीकॉन्फिग' पुढे तिरकी रेघ देऊन 'ऑल' टाका आणि 'डीएनएस सर्व्हर्स'ची ओळ बघा. तिथे राउटरचा पत्ता असायला हवा.

आता यातली खरी मेख. पुष्कळ जण पहिल्या रकान्यात राउटर आणि दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ घालतात. हेतू असा की राउटरला उत्तर आलं नाही तर दुसरा सांगेल. तसं होत नाही. 'असं नाव अस्तित्वात नाही' हेही डीएनएसच्या दृष्टीने पूर्ण उत्तरच. ते मिळालं की दुसऱ्याला विचारलं जात नाही. दुसऱ्याकडे जायचं ते पहिला गप्प राहिला तरच. राउटर एकदा क्षणभर अडखळला की मशीन दुसऱ्याकडे वळतं आणि काही काळ तिथेच रमतं. तेवढा वेळ घरातली नावं गायब, मग आपोआप परत. 'कधी चालतं, कधी नाही' या तक्रारीमागे मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलंय. सार्वजनिक सर्व्हर हवाच असेल तर तो राउटरच्या आत घाला आणि मशीनना फक्त राउटरचा पत्ता द्या.

एनएसलुकअप बरोबर पत्ता दाखवतं आणि पिंग दुसरीकडेच जातं. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे.

राउटर बदलला होता. बाकी सगळं जुळलं, फक्त माझ्या लॅपटॉपवरून 'कोठार' उघडेना. एनएसलुकअपने, म्हणजे डीएनएसला नाव विचारून बघायच्या आज्ञेने, सांगितलं १९२.१६८.१.४०, अगदी बरोबर. पिंगच्या कंसात मात्र १९२.१६८.०.१२. जुन्या राउटरच्या काळातला पत्ता! कॅशे तीनदा पुसला, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला, नव्या राउटरला मनातल्या मनात बरंच काही बोललो. शेवटी होस्ट्स फाइल उघडली, तर तळाशी माझ्याच हाताने लिहिलेली ओळ: तो जुना पत्ता आणि पुढे 'कोठार'. कधीतरी घाईत घातली होती आणि विसरून गेलो होतो.

एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. होस्ट्स फाइल, कॅशे, हाळी, यातलं काहीच ते बघत नाही. पिंग मात्र नेहमीच्या सगळ्या पायऱ्यांनी जातं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर ती विसंगती हाच पुरावा समजा: गडबड सर्व्हरवर नसून तुमच्याच मशीनवर आहे. हेच दुसऱ्या बाजूनेही लागू होतं. नाव एमडीएनएसने चालत असेल तर एनएसलुकअप 'सापडत नाही' म्हणेल आणि पिंग मजेत चालेल. तिथे दोष काहीच नाही.

होस्ट्स फाइल कुठे असते? बदलली तरी फरक पडत नाही.

विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी नावाचा फोल्डर. मॅक आणि लिनक्सवर थेट ईटीसीमध्ये. नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडलं नसेल तर तिथे साठवता येत नाही. आणि साठवताना नोटपॅड गुपचूप मागे 'टिंब टीएक्सटी' चिकटवतं, मग 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' नावाची दुसरीच फाइल तयार होते आणि तिला कोणी विचारत नाही. फरक न पडण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच. फाइलींची शेपटं दिसतील अशी सेटिंग करा आणि पुन्हा बघा.

नावामागे 'डॉट लोकल' लावलं की चालतं, नुसतं नाव टाकलं की नाही. का?

'डॉट लोकल' हे शेपूट एमडीएनएससाठी राखून ठेवलेलं आहे, २०१३ साली त्याचं रीतसर मानक निघालं. ते शेपूट दिसलं की मशीन डीएनएस सर्व्हरला बाजूला ठेवून नेटवर्कवरच विचारतं. नुसत्या नावाला असा इशारा नसतो. तेव्हा मॅक, प्रिंटर, लिनक्सचं मशीन यांना 'कोठार डॉट लोकल' अशीच हाक मारायची सवय लावा.

एक इशारा. राउटरमध्ये घरच्या डोमेनचं नाव विचारतात तिथे चुकूनही 'लोकल' घालू नका. मग काही मशीन राउटरला विचारणार, काही हाळी देणार, आणि दोघांची उत्तरं वेगळी येणार. घरासाठी म्हणून 'होम डॉट अर्पा' हे नाव २०१८ पासून राखीव आहे. 'इंटर्नल' हेही २०२४ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलं गेलं.

ब्राउझरमध्ये 'कोठार' टाकलं की शोधाचे निकालच येतात.

ब्राउझरला वाटतं तुम्ही काहीतरी शोधताय. नावाच्या शेवटी एक तिरकी रेघ द्या, किंवा नावाच्या सुरुवातीला 'एचटीटीपी' आणि त्याची नेहमीची चिन्हं लावा.

तरीही ब्राउझरला सापडत नसेल, पण पिंगला सापडत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' बघा. ते चालू असलं की ब्राउझर राउटरला डावलून थेट बाहेरच्या सर्व्हरला विचारू शकतो. अँड्रॉइडवर याचाच भाऊ 'प्रायव्हेट डीएनएस'.

विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत एकही मशीन दिसत नाही.

हा प्रश्न नावाचा वाटतो, पण नाही. ती यादी वेगळ्या यंत्रणेतून येते. यादीत नसलेलं मशीन नावाने बेधडक उघडू शकतं, आधी तेवढं करून बघा. उघडलं तर त्याचा शॉर्टकट करून ठेवा आणि यादीकडे पाठ फिरवा.

यादी हवीच असेल तर थोडा इतिहास कळायला हवा. पूर्वी ती एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या बोलीच्या, पहिल्या आवृत्तीवर चालायची. विंडोज १० मधून ती आवृत्ती २०१७ च्या अखेरीपासून काढायला सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी होमग्रुप ही घरातल्या मशीनमध्ये फाइली शेअर करायची सोयही गेली. आता मशीन स्वतःहून आपली जाहिरात करतात. त्यासाठी ज्याला दिसायचंय त्या मशीनवर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा चालू हवी आणि नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलेलं हवं. लिनक्सवरच्या सांबाला (विंडोजशी फाइली शेअर करणाऱ्या प्रोग्रामला) हे आपलं आपण येत नाही, त्यासाठी 'डब्ल्यूएसडीडी' नावाचा छोटा प्रोग्राम लागतो.

'एसएमबी१ पुन्हा चालू करा, सगळं दिसेल' असा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. दिसेल, खरं आहे. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. यादीत चार आयकॉन दिसावेत म्हणून ते दार मी उघडणार नाही.

लॅपटॉपला 'कोठार' सापडतं, फोनला किंवा दुसऱ्या खोलीतल्या मशीनला नाही.

ते सगळे खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का? वायफायचं नाव सारखं असलं म्हणून नेटवर्क एक असतं असं नाही. दोन्हींचे पत्ते शेजारी लिहून बघा. एक १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसरा १९२.१६८.० ने, तर बहुधा घरात दोन राउटर एकामागे एक बसलेत आणि दोघेही पत्ते वाटताहेत. हाळी राउटर ओलांडून जात नाही. आतल्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे पत्ते वाटणारा एकच उरेल.

पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असाल तर प्रश्नच मिटला, तिथे मशीन एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना असते. साध्या वायफायवरही काही राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू असतं.

आणि एक विचित्र प्रकार: मशीन चालू केल्यावर काही मिनिटं सापडतं, मग हरवतं. तिथे राउटरमधलं किंवा स्विचमधलं 'आयजीएमपी स्नूपिंग' बंद करून बघा. समूहाला दिलेली हाळी कोणाला हवी आहे याचा अंदाज काही उपकरणं चुकीचा बांधतात आणि ती मधेच गिळतात.

ऑफिसचं व्हीपीएन लावलं की घरचा प्रिंटरसुद्धा हरवतो.

व्हीपीएन जोडलं की डीएनएसचे प्रश्न ऑफिसच्या सर्व्हरकडे जायला लागतात, आणि त्याला तुमच्या प्रिंटरशी काय देणंघेणं! प्रिंटर पत्त्याने जोडा. तरीही चालला नाही तर व्हीपीएनने घरच्या नेटवर्कचा रस्ताच बंद केलाय. तो निर्णय ऑफिसचा, तुमच्या हातात फारसं काही नाही.

नाव ठेवताना काही पथ्यं?

१५ अक्षरांच्या आत ठेवा. नेटबायॉसला तेवढीच झेपतात, लांब नाव तो छाटून टाकतो, आणि छाटल्यावर दोन मशीनची नावं सारखी होऊ शकतात. फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ वापरा. मोकळी जागा नको आणि खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, तर नकोच.

जुन्या लॅपटॉपची डिस्क जशीच्या तशी नव्यात उतरवली असेल तर दोघं एकाच नावाने नेटवर्कवर येतात. मॅक अशा वेळी स्वतःच्या नावामागे '-२' लावून घेतो. काल चालणारं नाव आज चालत नाही असं वाटलं तर ते शेपूट लागलंय का बघा.

पत्ता सारखा बदलतो. काय करू?

राउटरमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' करा, म्हणजे त्या मशीनला दर वेळी तोच पत्ता मिळेल. मशीनवर हाताने पत्ता ठोकण्यापेक्षा हे बरं, कारण हाताने दिलेला पत्ता राउटर दुसऱ्या कोणाला तरी वाटून मोकळा होऊ शकतो.

हे आरक्षण मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर होतं (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही), आणि लॅपटॉपचा वायफायचा मॅक पत्ता वेगळा, केबलचा वेगळा. केबल लावली की नवा पत्ता मिळतो, तेव्हा दोन्हींची नोंद करा. फोन तर वायफायगणिक बनावट मॅक पत्ता घेतात. घरच्या वायफायपुरती ती सोय बंद करता येते.

मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय.

राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणून मशीनने स्वतःच एक घेतलाय. नावाचा विचार नंतर, आधी केबल किंवा वायफाय बघा.

पिंगच्या कंसात आकड्यांऐवजी 'एफई८०'ने सुरू होणारं लांबलचक काहीतरी येतं.

तो आयपीव्ही६ चा पत्ता, चूक नाही. जुना आकडेवाला पत्ता बघायचा असेल तर पिंगपुढे वजा चिन्ह आणि ४ लावा.

घरात नसलेलं नाव टाकलं तरी कुठला तरी पत्ता येतो!

काही इंटरनेट पुरवठादार 'असं नाव नाही' हे उत्तर न देता स्वतःच्या जाहिरातीच्या पानाचा पत्ता देतात. मनाला येईल ते निरर्थक नाव पिंग करून बघा. त्यालाही तोच पत्ता आला तर चोर सापडला. राउटरमधला डीएनएस सर्व्हर बदला.

कॅशे पुसायचा कसा, आणि किती वेळा?

विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' पुढे तिरकी रेघ आणि 'फ्लशडीएनएस'. नेटबायॉसचा साठा वेगळा असतो, त्यासाठी 'एनबीटीस्टॅट', वजा चिन्ह आणि मोठा आर. 'नाव नाही' हे उत्तरही काही काळ साठवलं जातं, त्यामुळे दुरुस्ती केल्यावर एकदा पुसणं योग्यच. एकदाच. पुसल्यावर चूक परत आली तर ती कॅशेत नव्हती, जिथून येतेय तिथे शोधा, आणि सुरुवात होस्ट्स फाइलपासून करा.